अजून एक छर्रा!

दोस्तांनो, आधी उठा आणि घरातला माळा नाहीतर आजीच्या पलंगाखालची जागा बघून या. तिथे एक लाकडी फळी धूळ खात पडली आहे का? वरच्या बाजूला गोलाकार, हात-दीड हात लांब, अंगभर बारीक चुका ठोकलेल्या, आणि मधेमधे ५०, १००, ५०० असे आकडे रंगवलेले. उजव्या कडेला चिंचोळी गल्ली नि गल्लीच्या तळाशी स्प्रिंगचा दांडा. सापडली? हेच ते बगाटेल. नाही सापडली, तर आई-बाबांना विचारा. ‘अरे, आमच्याकडे होतं की!’ असं म्हणून ते जे सुरू होतील, ते पंधरा मिनिटं थांबायचे नाहीत. तुमचा गृहपाठ तेवढा वेळ पुढे गेला, तर माझे आभार नंतर माना.

मे महिन्याची दुपार म्हणजे पुण्याच्या वाड्यांमधे मोठी कठीण वेळ. बाहेर ऊन मी म्हणतंय, आजोबा वामकुक्षी करतायत, आणि ‘आवाज करू नका’ असा हुकूम सुटलेला. अशा वेळी बगाटेल बाहेर निघायचं. त्याचे छर्रे सारखे हरवायचे. कपाटाखाली, मोरीच्या जाळीत, धाकट्या भावाच्या खिशात. पण पुणं तेव्हा सायकलींचं गाव. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलं की चाकाच्या आसातले जुने छर्रे मिळायचे. थोडे झिजलेले असायचे. पण आपल्याला कुठे त्यांच्यावर सायकल चालवायची असायची?

या बगाटेलचा परदेशात वाढलेला नातू म्हणजे पिनबॉल. काच लावलेलं मोठं टेबल, आत दिवे, घंटा, बोगदे, उतार-चढ, आणि सगळ्यात खाली वल्ह्यांसारखे दोन छोटे हात. त्यांना म्हणतात फ्लिपर. टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं. ते दाबलं की फ्लिपर फटकन वर उडतो आणि खाली येणाऱ्या पोलादी गोळीला परत वर भिरकावतो. गोळी साधारण २७ मिलिमीटर जाडीची, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपल्या सायकलच्या छर्ऱ्याची चांगली मोठी ताई. दोन फ्लिपरच्या मधल्या फटीतून ती खाली गेली की गेली! आणि तसं झालं की खेळणारा काय म्हणतो? अमेरिकेतला असो नाहीतर सदाशिव पेठेतला, म्हणतो एकच : ‘अजून एक! शेवटची!’

का बरं म्हणतो? आज आपल्याला हेच शोधायचंय.

सापशिडी आठवा. आपल्याकडच्या मोक्षपटातून ती आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी असे जुने मोक्षपट शोधून त्यांचा अभ्यास केला. सापशिडीत आपण फासा टाकतो आणि तो सांगेल तिथे मुकाट्यानं जातो. बालवाडीतली चिमी बँकेतून निवृत्त झालेल्या आजोबांना सहज हरवते. मजा येते, पण सापानं गिळल्यावर ‘मी फासा जरा चुकीचा टाकला’ असं कुणी म्हणत नाही. आता दुसऱ्या टोकाला कॅरम. तिथे नेम महत्त्वाचा. वाड्यातला तरबेज दादा समोर बसला की आपण राणीचं नाव काढायचं नाही. तो जिंकणार हे आधीच ठाऊक. पहिल्या खेळात आपल्या हातात काहीच नाही, आणि दुसऱ्यात सगळं हातात आहे, फक्त तो हात दादाचा!

बगाटेल नि पिनबॉल या दोघांच्या बरोबर मधे बसतात. गोळी आपली ऐकते, पण पूर्ण ऐकत नाही. थोडीशी आज्ञाधारक आणि थोडीशी द्वाड. माझं म्हणणं असं, की या खेळाची सगळी गंमत या ‘थोडीशी’मधे आहे. दिवे, घंटा आणि रंगीत चित्रं ही वरची कोथिंबीर.

गोळी ऐकते कशी ते आधी बघू. दांडा मागे ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि आपण लावलेला जोर तिच्यात साठतो. गंमत अशी, की दांडा दुप्पट ओढला तर साठलेली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट ओढला तर नऊपट! एक सेंटिमीटर ओढून छर्रा जेवढा वर चढला, त्याच्या चौपट तो दोन सेंटिमीटरला चढायला बघतो. (घासण्यात थोडी ऊर्जा वाया जाते, म्हणून अगदी चौपट नाही भरणार. पट्टी घेऊन मोजा.) म्हणून बगाटेलवर जरासा फरकही एवढा जाणवतो. पाच-पन्नास वेळा ओढलं की बोटांना ते कळायला लागतं. एखादी ताई डोळे मिटून ५०० च्या घराच्या दिशेनं छर्रा सोडते ना, ती जादू नव्हे, सराव आहे.

आणि ऐकत का नाही? कारण त्या चुका. चूक गोल असते, छर्राही गोल असतो. छर्रा चुकेच्या मधोमध आदळला तर सरळ मागे येतो. केसभर उजवीकडे आदळला तर उजवीकडे जातो, केसभर डावीकडे तर डावीकडे. पहिल्या चुकेवर केसाएवढा असलेला फरक दुसरीवर बोटभर होतो आणि चौथी-पाचवी येईपर्यंत एक छर्रा पुण्याला, तर दुसरा नागपूरला! म्हणून दांडा अगदी तेवढाच ओढूनही दोन वेळा तोच रस्ता मिळत नाही. पूर्वी आम्ही याला बगाटेलचा खट्याळपणा म्हणायचो. शास्त्रज्ञ यावर जाडजूड ग्रंथ लिहितात.

पण या गोंधळातही एक शिस्त लपलेली आहे. चुकांच्या चार ओळी ठोका : पहिलीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार. खाली पाच कप्पे करा आणि वरून मधोमध छर्रे सोडा. प्रत्येक चुकेपाशी डावं की उजवं, असे दोनच रस्ते. चार ओळींचे मिळून १६ रस्ते होतात. त्यातला फक्त १ रस्ता अगदी डावीकडच्या कप्प्यात जातो, त्याच्या शेजारी ४, मधल्यात ६, मग पुन्हा ४ आणि १. खूप छर्रे सोडलेत तर मधे डोंगर तयार होतो. आता मजा ऐका. १, ४, ६, ४, १ ही ओळ आपल्याकडे छंदशास्त्रात फार आधीपासून आहे. दहाव्या शतकातल्या हलायुधानं पिंगलाच्या सूत्रांवर टीका लिहिताना आकड्यांचा हा डोंगर मांडला आणि त्याचं नाव मेरुप्रस्तार. लघु-गुरू अक्षरांची गणती करणाऱ्या पंडिताला बगाटेल ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण हिशोब तोच. बगाटेल बनवणारा सुतारही हे अनुभवानं जाणतो. छर्रा जिथे सहज जातो तिथे तो ५० लिहितो, आणि १००० चं घर असं चुकांनी वेढून ठेवतो की बघून जीव जळावा.

हे बगाटेल आपल्याकडे साहेबाबरोबर आलं, पण नाव त्याचं फ्रेंच. पॅरिसजवळ बगाटेल नावाचा एक छोटा महाल आहे. फ्रान्सच्या राजाच्या भावानं राणीशी पैज लावून १७७७ साली तो ६४ दिवसांत उभा केला, आणि तिथल्या मेजवानीत टेबलावर गोळ्या ढकलायचा हा खेळ मांडला होता असं सांगतात. त्या साली आपले सवाई माधवराव पेशवे अवघे तीन वर्षांचे होते, म्हणजे त्यांचंही खेळायचंच वय. पुढे १८७१ मधे अमेरिकेतल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा बसवून त्याचं पेटंट घेतलं. आपल्या माळ्यावरची फळी थेट त्यांच्या घराण्यातली.

मग १९३१ साल उजाडलं. अमेरिकेत मंदी, लोकांच्या हाताला काम नाही, खिशात पैसे नाहीत. त्या वेळी डेव्हिड गॉटलिब यांनी ‘बॅफल बॉल’ नावाचं नाणं टाकून खेळायचं बगाटेल काढलं. एका सेंटमधे थोडा वेळ दुःख विसरायला मिळायचं, म्हणून ते धडाक्यानं खपलं. लगेच पुढची भानगड सुरू झाली. लोक टेबलच उचलायचे, हलवायचे, खालून गुद्दे मारायचे. (आपल्याकडे फळी गुपचूप तिरकी करणारा एक भाऊ प्रत्येक घरात असतोच.) हॅरी विल्यम्स या यंत्रकारानं वैतागून म्हणे टेबलाच्या खालून टोकदार खिळेच ठोकले होते! पण कुणाचा हात फाटेल हे लक्षात आल्यावर त्यानं डोकं चालवलं आणि टेबल जास्त हललं की खेळ बंद पाडणारी युक्ती काढली. तिचं नाव ‘टिल्ट’. पुढे ती लोलकावर चालायला लागली. बांधकामावर गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतो ना, तसाच एक ओळंबा यंत्राच्या पोटात टांगलेला असतो आणि त्याच्याभोवती एक धातूची कडी. टेबल जरा हललं तर ओळंबा नुसता डुलतो. जोरात हललं तर कडीला शिवतो, वीज वाहते आणि खेळ खलास.

मला ही युक्ती फार आवडते. का सांगू? तिनं हलवायला बंदी केली नाही. थोडं हलवा, म्हणाली. किती, ते तुमचं तुम्ही ओळखा. तरबेज खेळाडू टेबलाला असा हलका धक्का देतात की गोळी वाट बदलते आणि ओळंब्याला पत्ताही लागत नाही. हाही खेळच झाला की!

तरीपण एक मोठी उणीव होतीच. एकदा दांडा सोडला की खेळणारा प्रेक्षक व्हायचा. छर्रा घरंगळतोय, आपण बघतोय. ही उणीव १९४७ मधे गेली. गॉटलिब यांच्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रावर हॅरी मॅब्ज यांनी सहा फ्लिपर बसवले. दुसऱ्या वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी खर्च वाचवायला फक्त दोनच ठेवले, तेही अगदी खाली, फटीच्या दोन्ही बाजूंना. कंजूषपणातून कधीकधी फार चांगली गोष्ट जन्माला येते, ती अशी. आजही बहुतेक यंत्रांवर ते दोन तिथेच आहेत. आता गोळी खाली आली म्हणजे सगळं संपलं असं नाही. फ्लिपर उचलून धरला तर ती त्याच्या कुशीत थांबते. मग हळूच सोडायची. फ्लिपरच्या मुळाशी असताना मारली तर एकीकडे जाते, टोकाशी असताना मारली तर दुसरीकडे. आणि ते ‘केव्हा’ म्हणजे डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा वेळ.

तेवढा तरी वेळ मिळतो कसा? इथे उताराची करामत आहे. पिनबॉलचं टेबल जेमतेम साडेसहा अंशांनी कललेलं असतं. हातातून सोडलेली गोटी मीटरभर खाली पडायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ घेते. तेवढंच अंतर गोळी या उतारावरून घरंगळत यायला दीड सेकंदाच्या वर लागतो, म्हणजे साडेतीन पट. उतार वाढवला तर आपल्याला काही सुचायच्या आत गोळी गडप. कमी केला तर ती बैलगाडी होईल आणि आपण जांभया देऊ. साडेसहा अंशांवर विचार करायला वेळ मिळतो, फक्त पुरेसा कधीच मिळत नाही!

म्हणून गोळी फटीतून गेली की डोक्यात काय येतं बघा : ‘जरासं आधी मारायला हवं होतं.’ सापशिडीत असं वाटत नाही. कॅरममधे दादासमोर वाटून उपयोग नाही. इथे मात्र हरण्याचं कारण आपल्याला स्पष्ट दिसलेलं असतं, आणि ते पुढच्याच गोळीला दुरुस्त करता येईल असंही वाटतं. लाकडावरच्या चुका नि आपल्या हातून झालेल्या चुका, दोन्ही समोर. मग ‘अजून एक’ म्हणणार नाही तर काय!

आता आई-बाबांनो, पुढचा भाग खास तुमच्यासाठी. ‘हा जुगार आहे, ठेवा ते बाजूला’ असं तुम्ही कधी म्हणाला असाल, तर न्यूयॉर्कचे महापौर लाग्वार्डिया तुमच्याच पक्षाचे होते. पिनबॉल हा नशिबाचा खेळ आहे, तो पोरांचे डब्याचे पैसे लुबाडतो, असं म्हणून १९४२ मधे त्यांनी शहरात त्यावर बंदी घातली. हातोडा घेऊन यंत्रं फोडतानाचे त्यांचे फोटो आजही बघायला मिळतात. बंदी टिकली ३४ वर्षं. १९७६ साली नगरपरिषदेपुढे सुनावणी झाली. रॉजर शार्प नावाचा पत्रकार तिथे यंत्र घेऊनच आला. एक बिघडलं तर असावं म्हणून दुसरंही आणलं होतं. एका सदस्याला संशय आला. पहिल्या यंत्रात काही लबाडी असेल, तुम्ही या दुसऱ्यावर खेळा, असं त्यानं सांगितलं. शार्प खेळला. शेवटी तर त्यानं जाहीरच केलं की आता दांडा ओढतो, गोळी वरच्या मधल्या वाटेनं जाईल. सगळ्यांचे श्वास रोखलेले. दांडा सुटला आणि गोळी त्याच वाटेनं गेली! बंदी उठली. यात कौशल्य आहे, हे लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आता यातली गंमत : त्या एका फटक्यात नशिबानंही हात दिला, हे पुढे शार्प यांनीच कबूल केलं.

आपल्याकडचा १८८७ सालचा मुंबईचा जुगारबंदीचा कायदाही हाच प्रश्न विचारतो. निव्वळ कौशल्याचा जो खेळ असेल, त्याला हा कायदा लागत नाही. मग बगाटेलचं काय? मला विचाराल तर, फ्लिपर नसलेल्या फळीवर पैसे लावून खेळाल, तर बाबा म्हणतात तेच खरं. तिथे नशिबाचा वाटा फार मोठा आहे. फ्लिपर आले की पारडं हाताकडे झुकतं. पण नाणं टाकायच्या यंत्राबद्दल एक गोष्ट विसरू नका. ‘अजून एक’ ही आपली हौस ज्याला नीट कळते, तोच ते यंत्र बनवतो. खेळ दोन-तीन मिनिटांत संपावा, पण ‘थोडक्यात हुकलं’ असं वाटावं, हेही तो ठरवूनच करतो. आपल्या फळीला नाणं लागत नाही, हे तिचं मोठेपण. तिथे नुकसान झालंच तर फक्त भावंडांच्या मैत्रीचं.

खरं पिनबॉल बघायला मिळालं नाही, तरी नव्वदीत नि त्यानंतर वाढलेल्या पुष्कळ मुलांनी ते कॉम्प्युटरवर खेळलंय. ‘थ्री डी पिनबॉल : स्पेस कॅडेट’. १९९५ मधे विंडोज ९५ च्या जोडीच्या वेगळ्या संचात ते आलं आणि २००१ च्या विंडोज एक्सपीमधे तर ते आपोआपच मिळायचं. ऑफिसातले काकासुद्धा साहेब बाहेर गेले की तेच उघडायचे. झेडचं बटण डावा फ्लिपर, स्पेसबार म्हणजे दांडा. टेबल हलवायची बटणंही होती, आणि जास्त हलवलं तर ‘टिल्ट’! विंडोजच्या नंतरच्या आवृत्तीत ते दिसेनासं झालं. मायक्रोसॉफ्टमधल्या रेमंड चेन यांनी त्याचं कारण सांगितलंय. नव्या ६४ बिटच्या पद्धतीत तो खेळ बसवताना गोळी वस्तूंना धडकायचंच विसरली आणि त्यांच्या आरपार जायला लागली. जिला कुणीच अडवत नाही अशा गोळीशी खेळणार कोण?

आता सुट्टीतलं काम. साठ सेंटिमीटर लांबीची फळी घ्या आणि तिचं डोकं साधारण सात सेंटिमीटर उचला. झाला तुमचा साडेसहा अंशांचा उतार. चुका मोठ्या माणसाच्या मदतीनं ठोका. आइस्क्रीमच्या दोन काड्या घ्या, प्रत्येकीच्या एका टोकाला खिळ्याची बिजागरी करा, मागे खेचायला रबर लावा, की फ्लिपर तयार. आणि टिल्ट? तांब्याच्या उघड्या तारेला एक नट बांधा आणि ती तार फळीखाली हुकात सैल टांगा. नटाच्या भोवती किल्ल्यांच्या जुडग्यातली कडी अशी बसवा, की मधे थोडी फट राहील. एक सेल, एक टॉर्चचा दिवा. एक तार हुकाला, एक कडीला. फळी जोरात हलली की दिवा लागेल आणि चोरी पकडली जाईल. कडी मोठी घेतली तर जास्त हलवायची मुभा, छोटी घेतली तर साधी शिंक आली तरी बाद. किती मोठी घ्यायची, ते मात्र पहिला छर्रा सोडायच्या आधी सगळ्यांनी मिळून ठरवा. नंतर ठरवायला बसलात, तर तुमची भांडणं सोडवायला मी येणार नाही!